दादामियाँची हजेरी

आमच्या विद्यापीठात विज्ञानाचं व्याख्यान ऐकायला कोणी आपणहून येतं, यावरचा माझा विश्वास कधीच उडाला. दर शुक्रवारी दुपारी सेमिनार, दर शनिवारी संध्याकाळी करिअर वेबिनार, आणि दोन्हींचा संसार माझ्या टेबलावर. वक्त्यांना मेल पाठवायचे, सभागृहाची किल्ली शोधायची, चहा सांगायचा, आणि ‘आगामी कार्यक्रम’ असा मथळा देऊन एक रंगीत पत्रक सूचनाफलकावर लावायचं. पत्रक मी देखणं करते. मुलं त्याच्यासमोर घटकाभर उभी राहतात, छान आहे म्हणतात आणि कँटीनला जातात.

मी सुनीती. राहते शनिवार पेठेत आणि बोलतेही तशीच, असं ऑफिसातले म्हणतात. म्हणोत बापडे.

रिकाम्या खुर्च्यांमुळे पाहुण्यांसमोर लाज जायला लागली, तेव्हा आमच्या विभागातल्या राजस सरांनी एक नियम काढला. तरुण माणूस, हुशार, पण नियमांवर फार भरवसा. विभागात संशोधन साहाय्यकाची जागा हवी असेल, तर वर्षभरात किमान दहा कार्यक्रमांना हजेरी हवी. सभागृहाच्या दारावर एक कोड चिकटवलेला असतो, तो फोनवरून स्कॅन केला की पोर्टलवर नाव चढतं. वेबिनारला आलं की आपोआप चढतं. झालं, सभागृह भरायला लागलं. मुलं येतात, कोड स्कॅन करतात, मागच्या रांगा धरतात आणि मोबाइलमध्ये मान घालतात. वेबिनारला तर सगळ्यांचे कॅमेरे बंद. शंभरेक काळ्या चौकटींसमोर वक्ता तासभर बोलत राहतो आणि मी मध्येच ‘फारच रंजक’ असं म्हणते. कोणीतरी म्हणायला हवं ना.

त्या काळ्या चौकटींत एक चौकट मात्र उजळलेली असायची. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, इस्त्रीचा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, मागे भिंतीवर घड्याळ. आणि चेहऱ्याखाली नाव, ‘जिनत’.

मी आधी हसले. पुढच्या शुक्रवारी तेच गृहस्थ सभागृहात हजर. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची. आमच्याकडे दुसऱ्या रांगेत कोणी बसत नाही, त्यामुळे ते उठून दिसत होते. त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता, आणि पायाबरोबर खुर्ची कुरकुरत होती. वक्त्याला वाटलं पंखा वाजतोय, त्याने दोनदा वर पाहिलं. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलंच.

“आपण कोणाचे पालक?”

“जिनतचा आजोबा. दादामियाँ म्हणतात मला.”

“आणि जिनत कुठे आहे?”

“तिचं प्रॅक्टिकल असतं या टायमाला. शनिवारी ती शिकवणीची मुलं घेते. म्हणून मी येतो. रात्री जेवताना सांगतो तिला सगळं.”

“म्हणजे तिच्याऐवजी तुम्ही बसता?”

“घरातलं एक माणूस बसलं म्हणजे झालं ना, मॅडम? रेशनच्या रांगेत कोणी सगळं खानदान उभं करतं का?”

मी त्यांच्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. असं मी सहसा करत नाही.

दादामियाँ खडकीचे. दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात नोकरी झाली. समोर आलेलं गोळ्याचं रिकामं कवच हातात घ्यायचं, उजेडाकडे धरून फिरवायचं, चीर नाही ना ते पाहायचं आणि पुढे सरकवायचं. आयुष्यभर एका जागी उभं राहिलेला हा माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला एका जागी बसवेना. स्वतःच्या घरचे नळ संपले की शेजाऱ्यांचे दुरुस्त करायचे. बाजारातून कोथिंबीर आणायची आणि आलं राहिलं म्हणून परत जायचं. बायको नूरबानू होती तोवर ती ओरडून खाली बसवायची. ती गेली. मुलगा बिलाल मस्कतला, तिकडेच त्याने दुसरं लग्न केलं. जिनतची आई जिनत लहान असतानाच वारली होती. घरात उरले दोघंच, हे आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी नात. शुक्रवारी सभागृहात आणि शनिवारी तिच्या जुन्या फोनवर जाऊन बसणं, हा दादामियाँनी स्वतःला लावलेला नवा उद्योग होता. फोन जिनतचा, त्यातलं खातं जिनतचं, त्यामुळे हजेरी लागायची तीही जिनतची.

तिचा अभ्यासाचा विषय दगडफूल. “मसाल्यातलं दगडफूल, मॅडम. नूरबानू तेलात परतायची तेच. त्याच्यावर पण संशोधन असतं. झाडाच्या सालीवर ते किती वाढलंय बघून हवा कशी आहे ते कळतं म्हणे. आमच्या गल्लीतल्या झाडावर नावाला नाही.”

व्याख्यानातलं त्यांना समजतं किती, हे मी एकदा विचारलं. आडवळण मला जमत नाही.

“रुपयात चार आणे,” ते म्हणाले. “पण वक्ता कुठं काम करतो ते नीट ऐकतो. गाव कुठलं, मुलींचं हॉस्टेल आहे का, गाडी थेट जाते का बदलावी लागते.”

“ते कशाला?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. “तिचे सर म्हणतात, दगडफुलाचं खरं काम डोंगरात, पावसाच्या मुलखात आहे. पुण्यात बसली तर दुसऱ्यांनी आणलेले वाळके नमुने काचेखाली बघत राहील. पण ती हलायला तयार नाही. म्हणते, तुम्हाला एकटं टाकून कुठं जाऊ? मी बहात्तरीचा म्हातारा. माझ्यापायी तिनं का अडकायचं?”

“मग सांगा की तिला तसं.”

“सांगितलं. दोन दिवस जेवली नाही.”

तेव्हापासून मलाही चैन पडेनासं झालं. कोण कुठली जिनत, मी तिला पाहिलंही नव्हतं. पण पत्रक तयार करताना वक्त्याच्या नावापुढे गाव लिहिलं की मनात यायचं, इथे हॉस्टेल असेल का. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला मुळीच हौस नाही, तरी मी एका वक्त्याला फोन करून वसतिगृहाची चौकशी केली. त्याला वाटलं माझी मुलगी आहे. मीही नाही म्हटलं नाही.

मग डॉ. वल्लरी यांचा वेबिनार आला. या बाई मूळच्या पुण्याच्या, आता शिलाँगच्या बाजूला डोंगरातल्या एका संस्थेत दगडफुलांवरच काम करतात. छान बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “आम्ही दर वर्षी दोन विद्यार्थी घेतो. एखादं पुण्याचं आलं तर बरं, इथे मला मराठीत भांडायला कोणी नाही.”

प्रश्नांची वेळ झाली. प्रमाणपत्र कधी मिळेल, असं तीन जणांनी विचारलं. हाच आमच्या विद्यार्थ्यांचा विज्ञानाला सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्यानंतर जिनतच्या नावापुढे काहीतरी टाइप होत असल्याचे ठिपके बराच वेळ हलत राहिले आणि एक ओळ उमटली. “नातीनं म्हाताऱ्यासाठी घरी थांबू नये, हे तिला कसं सांगावं?”

मी तो प्रश्न मोठ्याने वाचला. वल्लरीबाईंनी पडद्यावरच्या त्या एकमेव उजळलेल्या चौकटीकडे पाहिलं.

“सांगून कोणी जात नाही, आजोबा,” त्या म्हणाल्या. “मलाही आईनं सांगितलं नव्हतं. तिनं बॅग भरून दारात ठेवली होती.”

दादामियाँनी मान हलवली. त्या रात्री जेवताना त्यांनी जिनतला सगळा वेबिनार सांगितला. डोंगर सांगितले, पाऊस सांगितला, दोन जागा सांगितल्या. आपला प्रश्न तेवढा सांगितला नाही.

जिनतने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात अर्ज केला, पण आमच्याच विभागात. संशोधन साहाय्यकाच्या जागेसाठी. पुण्यातल्या पुण्यात, खडकीहून एका बसने येण्याजोगं. पोर्टलने तिची हजेरी मोजली आणि ती पात्र असल्याचं जाहीर केलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दादामियाँ माझ्या टेबलापाशी उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फाइलींच्या कपाटापर्यंत जायचे आणि परत यायचे.

“मी तिला बाहेर पाठवायला म्हणून इथं येत होतो, मॅडम. आणि माझ्याच हजेरीनं ती इथं अडकायला निघालीय.”

“ती हजेरी तिची नाही, हे तिला कळतं का?”

“विचारलं तिनं. मी म्हटलं, घरची हजेरी आहे, तू काय नि मी काय. तिला पटलं नाही, पण गप्प बसली. तिला ही जागा हवीच आहे ना.” ते परत कपाटापर्यंत गेले. “ती पास झाली तर मी काय करू? आणि नापास झाली तर तिच्या तोंडाकडं कसं बघू?”

इकडे आड, तिकडे विहीर. आता खरं तर मी राजस सरांना जाऊन सांगायला हवं होतं की या मुलीच्या नावावर तिचे आजोबा बसत होते. मी उठले, त्यांच्या दारापर्यंत गेले आणि पाण्याची बाटली भरून परत आले. सांगितलं नाही. सांगितलं तर एका प्रामाणिक माणसाचं सगळं बसणं लबाडीत जमा झालं असतं, आणि ते मला मान्य नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मुलाखतीला राजस सर, बाहेरचे एक तज्ज्ञ आणि टिपणं घ्यायला मी. जिनत आत आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. बारीक चणीची, चष्मा, हातात जाड फाइल. बसल्या बसल्या तिचा उजवा पाय हलायला लागला आणि मला पेन शोधण्याचं नाटक करावं लागलं. बाहेर बाकावर दादामियाँ होते. होते म्हणजे, दाराच्या काचेतून कधी दिसत होते, कधी नव्हते.

उत्तरं तिने फार चांगली दिली. तज्ज्ञ खूश झाले. राजस सरांनी वल्लरीबाईंच्या वेबिनारबद्दल विचारलं, तर त्या डोंगरातल्या हवेपासून दगडफुलांच्या वाढीच्या वेगापर्यंत तिने सगळं सांगितलं. दादामियाँचं ऐकणं नक्कीच चार आण्यांहून जास्त असणार, किंवा उरलेले बारा आणे तिचे तिने घातले असणार. सुटली बहुतेक, असं मला वाटलं.

राजस सर हसले. “आणि त्या दिवशी तुम्ही विचारलेला प्रश्न मला फार आवडला. मी तेव्हा नव्हतो, पण नोंदीत वाचला. आजोबांच्या बाजूने विचार करून लिहिणं, हे या वयात अवघड असतं.” आणि त्यांनी लॅपटॉपवरून वाचून दाखवलं. “नातीनं म्हाताऱ्यासाठी घरी थांबू नये, हे तिला कसं सांगावं?”

जिनतचा पाय थांबला.

“परत एकदा वाचता का, सर?”

त्यांनी परत वाचलं. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि लगेच लावला नाही.

“सर, हा प्रश्न माझा नाहीये. त्या वेबिनारला मी नव्हते, दादा होते. बहुतेक सगळ्याच प्रोग्रॅम्सना तेच होते. माझी स्वतःची हजेरी दोन-तीनच असेल. मी ठरवलं होतं, तुम्ही विचारलंत तर सांगायचं, नाही विचारलंत तर नाही सांगायचं. ते चुकलं माझं. सॉरी.”

तज्ज्ञांनी समोरची फाइल मिटली. मग राजस सर माझ्याकडे वळले.

“सुनीतीताई, तुम्हाला हे माहीत होतं?”

“कॅमेरा सुरू ठेवून बसणारा तो एकच माणूस होता, सर. माहीत नसायला काय झालं? बाकीच्या शंभर काळ्या चौकटींत कोण बसलं होतं, ते मात्र मला माहीत नाही. आपल्याला आहे का?”

राजस सरांनी पेन उघडलं. माणूस वाईट नाही, पण नियम त्यांनीच केला होता. तो मोडायचा तर त्यांनाच मोडावा लागला असता. त्यांनी जिनतच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं आणि लिहिताना त्यांचा चेहरा उतरला होता, हेही मला सांगायला हवं.

पुढच्या उमेदवाराला बोलावण्याच्या निमित्ताने मी तिच्या मागोमाग बाहेर आले. दादामियाँ व्हरांड्याच्या त्या टोकाला होते. तिला पाहताच लगबगीने आले.

“काय झालं?”

“तुमचा प्रश्न वाचून दाखवला मला,” जिनत म्हणाली. “माझी एवढी अडचण झालीय का तुम्हाला? मला घालवायला निघालात?”

ते बाकावर बसले. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पाय अगदी स्थिर.

“तू गेलीस तर घर खायला उठेल मला,” ते म्हणाले. “मला एका जागी बसवत नाही, तुला ठाऊक आहे. तू नसलीस तर मी दिवसभर काय करणार, अल्ला जाणे. पण तू राहिलीस, तर रोज तुझ्या तोंडाकडं बघून मी हेच म्हणणार, ही माझ्यामुळं इथं आहे. ते नाही झेपणार मला, बेटा. एकटं राहणं झेपेल.”

जिनत उभीच होती. तिने फाइल या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, “आणि गोळ्या कोण देणार?”

“मला वाचता येतं.”

ती हसली आणि तशीच रडायला लागली. मी दुसऱ्या उमेदवाराचं नाव उगाचच फार मोठ्याने पुकारलं.

पत्र तिने स्वतः लिहिलं, वल्लरीबाईंना. त्यात आमच्याकडे अपात्र का ठरले तेही लिहिलं. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. आजोबांना ओळखते, मुलाखतीला ये. पुढे रीतसर निवड झाली, पण तिकीट काढायचं ती आज-उद्यावर ढकलत राहिली. एका सकाळी ती उठली तर दारात बॅग भरून ठेवलेली. आत स्वेटर, नूरबानूची शाल आणि दादामियाँनी बाजारातून आणलेलं मसाल्याचं पुडकं. पुडक्यात दगडफूलही होतं, तिकडे मिळालं नाही तर असावं म्हणून. जी मुलगी दगडफुलांच्या मुलखात दगडफूल शोधायलाच चालली होती, तिला हे देणारा माणूस काय म्हणायचा!

ती गेल्यावर दोन शुक्रवार दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी राहिली. माझं लक्ष सारखं तिकडे जायचं. वक्ता उत्साहाने बोलत होता, पंखा वाजत नव्हता, आणि मला ती शांतता सोसवेना. नियम अजूनही आहे. राजस सरांनी त्याखाली ‘कॅमेरे सुरू ठेवावेत’ अशी एक ओळ वाढवली, ती कोणी वाचत नाही.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी, औषधनिर्मितीतल्या संधींवर वेबिनार होता. सगळ्या काळ्या चौकटी लागल्या आणि त्यांत एक उजळली. दाढी, टोपी, इस्त्रीचा सदरा, मागे घड्याळ. खाली नाव, ‘जिनत’.

कार्यक्रम संपला. आभार मानून होईपर्यंत चौकटी भराभर विझल्या, आमची मुलं या बाबतीत फार चपळ आहेत. मलाही घाई असते. एरवी मी वक्त्याच्या ‘धन्यवाद’मधल्या ‘द’वरच बैठक बंद करते. पण एक चौकट उरली होती.

“दादामियाँ, संपलं,” मी म्हटलं. “खालचं लाल बटण दाबा.”

“ठाऊक आहे, मॅडम.”

बटण काही दाबलं नाही त्यांनी. मागच्या घड्याळाची टिकटिक माझ्यापर्यंत येत होती.

“तुमच्या चेहऱ्याखाली अजून जिनतचं नाव येतंय,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “तिच्या खात्यावर हजेरी लागायला नको आता. बदलायचं कसं ते सांगते.”

“हजेरी नका लावू. प्रमाणपत्र पण नको. नाव तेवढं राहू द्या.” ते जरा थांबले. “घरात कोणी नाव घेत नाही हो आता तिचं. मी कोणाला हाक मारणार? इथं निदान लिहिलेलं दिसतं.”

मी नाव तसंच ठेवलं. बैठकही बंद केली नाही. माझी पोळीची कणीक भिजवायची होती, शेजारच्या खोलीत टीव्ही लावायचा होता, शंभर कामं होती. तरी मी पडद्यासमोरून उठले नाही, आणि तेही उठले नाहीत. बोलायला विषयही नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या फोनची रिंग वाजली. त्यांनी पडद्यावर कोणाचं नाव आलंय ते पाहिलं आणि सगळा चेहरा बदलला. टोपी सरळ केली. मला नमस्कार नाही, चमत्कार नाही, निरोपाचा शब्द नाही. लाल बटण दाबून दादामियाँ निघून गेले आणि त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर मी एकटीच उरले.